चमत्कार व रोगनिवारण यांचा हेतु

मनुष्यमात्रास चमत्काराची ओढ उपजतच आहे. एखाद्या गांवीं चांगली विहीर खणली गेली, तर ती वार्ता शेजारच्या गांवीं पोहोंचावयास चार महिने लागतात. परंतु अमक्या ठिकाणीं आंधळ्यास दिसूं लागलें, किंवा पांगळा चालूं लागला, असें कोणीं म्हटलें, कीं ती वार्ता सायंकाळच्या आंत दहा गांवें फिरून येते. शाळेंतील मुलेंहि याला अपवाद नाहींत. शुभवर्तमानांतील रोगनिवारणाच्या कथा वर्गांत निघाल्या, म्हणजे एक प्रश्न ठरलेला असतो : 'गुरुजी, हे चमत्कार खरे असतील, तर ते आतां कां होत नाहींत? आणि आतांहि होत असतील, तर मग दवाखाना कशाला पाहिजे?'

प्रश्न लहान तोंडचा खरा, पण लहान नव्हे. त्याच्या उत्तरावर पुष्कळ वेळां एखाद्याचा जीव अवलंबून असतो. घोडेगांवच्या पश्चिमेस, भीमाशंकराच्या डोंगराकडे, पावसाळ्यांत भाताच्या खाचरांत राबणाऱ्या माणसास सर्पदंश झाला, म्हणजे त्याच्या घरच्यांस घटकाभरांत ठरवावें लागतें, कीं रोग्यास कोठें न्यावयाचें. तेथें 'श्रद्धा' या शब्दाचा अर्थ चुकला, तर ती चूक दुरुस्त करावयास पुन्हां वेळ मिळत नाहीं. म्हणून चमत्कार म्हणजे काय, ख्रिस्ती मंडळींत त्यांचा हेतु कोणता, आणि औषधोपचाराशीं त्यांचें नातें काय, याचा विचार आम्ही विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें यथामति मांडीत आहों. इतर धर्मांच्या पालकांसहि तो उपयोगी पडेल अशी आम्हांस आशा आहे. कारण आजार कोणाचा धर्म विचारून घरांत शिरत नाहीं.

प्रथम शब्दाचा विचार करूं. ज्यानें मन चकित होतें, त्यास आपण मराठींत 'चमत्कार' म्हणतों. या शब्दांत पाहणाऱ्याचें आश्चर्य आहे, करणाऱ्याचा हेतु नाहीं. नवा करार मूळ ग्रीक भाषेंत लिहिला गेला, आणि त्यांत अशा कृत्यांसाठीं निरनिराळे शब्द योजिले आहेत. एकाचा अर्थ सामर्थ्य, दुसऱ्याचा अद्भुत, आणि तिसऱ्याचा चिन्ह अथवा खूण. योहानाच्या शुभवर्तमानांत मुख्यत्वें हा तिसराच शब्द येतो. आतां खुणेचा उपयोग कोणता? मंचराहून भीमाशंकराकडे निघालेल्या वाटसरूस रस्त्यावर घोडेगांवचें नांव व अंतर लिहिलेला दगड लागतो. तो पाहून वाटसरू पुढें चालूं लागतो. दगडापाशींच बिऱ्हाड थाटून 'घोडेगांव आलें' असें कोणी म्हणत नाहीं. चमत्काराचें तसेंच आहे. तो कोणत्या दिशेस बोट दाखवितो, हें पाहावयाचें असतें. बोटाकडेच पाहत बसल्यास वाट चालावयाची राहून जाते.

ही दृष्टि आमच्या भागांतील लोकांस नवी वाटूं नये. ज्ञानेश्वरांनीं ज्याच्या मुखानें वेद वदविले असें सांगतात, त्या रेड्याची समाधि जुन्नर तालुक्यांत आळे गांवीं आहे. तेथें जाणारा वारकरी रेड्याच्या कंठाची चौकशी करीत बसत नाहीं. विद्येच्या व कुळाच्या अभिमानानें ज्यांस पैठणास हिणविलें गेलें, त्यांच्या ठिकाणीं व मुक्या जनावराच्या ठिकाणीं वसणारा आत्मा एकच, हें त्या कथेचें मर्म त्यास न शिकवितां कळतें. कथेवर कोणी कसाहि विश्वास ठेवो. तिचा रोख गर्विष्ठांचा गर्व उतरविण्याकडे व दीनांस उचलण्याकडे आहे, यांत संशय नाहीं. शुभवर्तमान वाचतांना आम्हीहि हाच प्रश्न पुढें ठेवितों : या कृत्याचा रोख कोणीकडे आहे?

पहिला रोख दयेकडे आहे. मार्काच्या पहिल्याच अध्यायांत एक कुष्ठी येशूपुढें गुडघे टेकतो. येशूस त्याचा कळवळा येतो, व तो हात पुढें करून त्यास स्पर्श करितो. त्या काळीं कुष्ठ्यास शिवणें म्हणजे स्वतः अशुद्ध होणें. नुसत्या शब्दानें काम होण्यासारखें असतां स्पर्श कशासाठीं? ज्यास कोणी शिवत नव्हतें, त्यास आरोग्याइतकीच माणसाच्या हाताची गरज होती म्हणून, असें आम्हांस वाटतें. या कथेंत सामर्थ्य आहेच. पण तें कळवळ्याच्या मागून येतें.

दुसरा रोख, तुटलेल्या माणसास पुन्हां माणसांत आणण्याकडे आहे. त्याच कुष्ठ्यास येशू याजकाकडे जाऊन स्वतःस दाखविण्यास सांगतो. कारण याजकानें शुद्ध ठरविल्यावांचून समाज त्यास आंत घेत नसे. बारा वर्षें रक्तस्रावानें पीडलेली एक स्त्री गर्दींतून मागून येऊन येशूच्या वस्त्रास शिवते व बरी होते. येशू मात्र तिला गुपचूप जाऊं देत नाहीं. सर्वांसमक्ष तिला मुलगी म्हणून संबोधितो. तिचा रोग आधींच गेला होता. लोकांच्या मनांतला विटाळ जावयाचा राहिला होता, तो या एका हांकेनें गेला.

तिसरा रोख देवाच्या राज्याकडे आहे. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगांतून निरोप पाठवून विचारितो, कीं येणारा तो तूंच, कीं आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? उत्तरांत येशू स्वतःचें माहात्म्य सांगत नाहीं. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, बहिरे ऐकतात आणि गरिबांस सुवार्ता सांगितली जाते, हें जाऊन कळविण्यास तो सांगतो. यादीचा शेवट गरिबांनीं होतो, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. देव जें जग करूं इच्छितो, त्याचा हा वानोळा होय. वाणी पोत्यांतून मूठभर तांदूळ काढून गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवितो. त्या मुठीनें कोणाचें पोट भरत नाहीं, परंतु पोत्यांत काय आहे तें कळतें. येशूच्या काळींहि सगळे रोगी बरे झाले नाहींत. बेथेसदाच्या तळ्याकांठीं रोग्यांचा समुदाय पडला होता. त्यांतील एकच उठून चालूं लागल्याचें योहान सांगतो. कबरेंतून बाहेर आलेला लाजारहि पुढें इतरांप्रमाणें मरण पावलाच असेल. मुठीस पोतें समजणारा मनुष्य निराश होतो. मुठीवरून पोत्याची पारख करणारा धीरानें वाट पाहतो.

चमत्काराचा हेतु कोणता नव्हे, हेंहि सांगितलें पाहिजे. तें तमाशाचें साधन नव्हे. मंदिराच्या शिखरावरून उडी घेऊन लोकांस दिपविण्याची सूचना सैतानाची होती, आणि येशूनें ती धुडकाविली. परूश्यांनीं आकाशांतून चिन्ह मागितलें, तें त्यांस मिळालें नाहीं. उलट बरें झालेल्यांस येशूनें अनेकदां ताकीद दिली, कीं याचा गवगवा करूं नका. चमत्कार ही विकावयाची वस्तुहि नव्हे. शोमरोनांत शिमोन नांवाचा एक जादूगार पैसे देऊन हें सामर्थ्य विकत घेऊं पाहत होता. पेत्रानें त्याची कडक निर्भर्त्सना केल्याचें प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलें आहे. चमत्कार हें पुण्याचें वेतनहि नव्हे. दहा कुष्ठी शुद्ध झाले. आभार मानावयास एकच परतला, आणि तोहि परका शोमरोनी. उरलेल्या नऊ कृतघ्नांचा कुष्ठरोग परत आला, असें लूक कोठेंहि म्हणत नाहीं.

आणि आजार हें पापाचें मोजमाप नव्हे. जन्मांध मनुष्य पाहून शिष्यांनीं विचारिलें, कीं पाप कोणाचें, याचें कीं याच्या आईबापांचें? येशूनें दोन्ही तर्क खोटे ठरविले. ज्या घरीं अपंग किंवा सदा आजारी मूल आहे, त्या आईबापांस शेजारपाजारचे लोक काय काय बोलतात हें आम्हांस ठाऊक आहे. त्यांनीं हें उत्तर हृदयांत जपून ठेवावें.

आमच्या विषयास सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. चमत्कार आणि साधन यांचें वैर शुभवर्तमानांत नाहीं. त्याच जन्मांधाच्या डोळ्यांस येशूनें माती लाविली व शिलोहाच्या तळ्यांत धुवावयास पाठविलें. याईराची मृत झालेली मुलगी उठून चालूं लागली, तेव्हां तिला खावयास द्या, अशी त्यानें आज्ञा केली. अद्भुताच्या भरांत आईबाप पोरीची भूक विसरतील, हें त्यानें ओळखिलें. दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यांत तर चमत्कार मुळींच नाहीं. जखमेवर तेल व द्राक्षारस ओतणें, पट्टी बांधणें, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेंत नेणें, आणि पुढच्या शुश्रूषेचा खर्च भरणें, एवढेंच त्यांत आहे. तथापि ऐकणाऱ्यांनीं जाऊन तसेंच वागावें असें येशूनें सांगितलें, तें या माणसाकडे बोट दाखवून.

प्रेषितांचें वर्तनहि असेंच होतें. पौलाच्या हातून लोक बरे झाल्याचें लिहिलें आहे. परंतु त्याच पौलानें आपल्या शरीरांतील काटा दूर व्हावा म्हणून तीनदां विनंति केली, आणि तो दूर झाला नाहीं. त्रफिमास त्यानें मिलेतांत आजारी असतांच मागें ठेविलें. तीमथ्याचें पोट वरचेवर बिघडे. त्यास नुसती प्रार्थना न सुचवितां थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला पौलानें दिला. आणि त्याच्या सोबत्यांत लूक होता, ज्याचा उल्लेख तो प्रिय वैद्य असा करितो. ज्या मंडळींत प्रेषित व वैद्य एका वाटेनें चालत, त्या मंडळीच्या नांवानें औषध नाकारणें हें निव्वळ अज्ञान होय. याकोबाच्या पत्रांत, आजाऱ्यानें मंडळीच्या वडिलांस बोलवावें आणि त्यांनीं तेल लावून प्रार्थना करावी, असें सांगितलें आहे. तेल हें त्या काळचें घरगुती औषधच होतें. खाट एकच, तिच्या एका बाजूस प्रार्थना आणि दुसऱ्या बाजूस उपचार.

पुढील काळांत मंडळीनें हाच धडा गिरविला. तिसऱ्या शतकांत रोमी साम्राज्यांत भयंकर सांथ पसरली, तेव्हां कार्थेजचा बिशप सिप्रियन यानें ख्रिस्ती लोकांस आपपर भाव न ठेवितां शुश्रूषा करण्यास प्रवृत्त केलें. चौथ्या शतकांत कैसरियाचा बिशप बासिल यानें रोगी, कुष्ठी व निराश्रित यांच्यासाठीं शहराबाहेर मोठी वसाहतच उभारिली. ख्रिस्तानें जें केलें त्याची नक्कल करणें आपल्या हातीं नाहीं. पण तें ज्या दिशेस होतें त्या दिशेस चालणें आपल्या हातीं आहे, हें त्यांनीं जाणिलें.

आपल्या महाराष्ट्रांत याचें ठळक उदाहरण मिरजेचें आहे. कॅनडांत जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस हे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फें १८८९ मध्यें हिंदुस्थानांत आले. सांगलीस आरंभ करून ते मिरजेस गेले, आणि १८९४ मध्यें तेथें मिशनचें रुग्णालय उघडलें. त्यांच्या शस्त्रक्रियांची, विशेषतः मोतीबिंदूच्या, कीर्ति दूरदूर पसरली. त्यांनीं एतद्देशीय तरुणांस वैद्यकाचें शिक्षण दिलें, म्हणजे आपल्या मागें काम थांबूं नये अशी तजवीज केली. १९२८ मध्यें त्यांस 'सर' हा किताब मिळाला, व १९३३ मध्यें ते वारले. मोतीबिंदूनें अंध झालेल्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांवरची पट्टी सुटते, आणि नातवाचें तोंड त्यास दिसतें, तेव्हां त्याच्यापुरती ती शुभवर्तमानांतील कथाच पुन्हां घडते. मिशनच्या दवाखान्यांत शस्त्रक्रियेपूर्वीं प्रार्थना करण्याची चाल आहे. ती हात धुण्याच्या ऐवजीं नव्हे. हात धुऊन झाल्यावर.

कुष्ठरोगाची हकीकत याहून बोधप्रद आहे. नॉर्वेमधील डॉ. हान्सेन यांनीं या रोगाचे जंतु १८७३ मध्यें शोधून काढिले; परंतु खात्रीचें औषध पुढें कित्येक वर्षें सांपडलें नाहीं. मिरजेस व विदर्भांत कोठारा येथें कुष्ठरोग्यांसाठीं मिशनांनीं आश्रम काढिले, ते या मधल्या काळांत. त्या वेळीं रोग बरा करितां येत नव्हता. पण रोग्यास शिवतां येत होतें, त्याची जखम धुतां येत होती, त्यास नांवानें हांक मारितां येत होती. म्हणजे वर सांगितलेले पहिले दोन हेतु, दया व समाजांत परत आणणें, औषधावांचूनहि साधत होते. पुढें १९८१ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें अनेक औषधें एकत्र देण्याची पद्धति सुचविली, आणि आतां हा रोग ठराविक मुदतींत पूर्ण बरा होतो. औषध सांपडेपर्यंत ज्यांनीं रोग्याचा हात सोडिला नाहीं, त्यांचें काम कमी प्रतीचें होतें असें कोण म्हणेल?

आतां आमच्याच पुणें जिल्ह्यांतील केडगांवाकडे वळूं. पंडिता रमाबाईंनीं १८८२ मध्यें हंटर कमिशनपुढें साक्ष देतांना या देशांत स्त्री-डॉक्टरांची किती निकड आहे तें सांगितलें होतें. स्वतः वैद्यक शिकावें या इच्छेनें त्या १८८३ मध्यें इंग्लंडास गेल्या. परंतु त्यांस ऐकूं कमी येऊं लागलें होतें, व त्यामुळें तो बेत सोडावा लागला. तेथेंच त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. मायदेशीं परतल्यावर दुष्काळांतील अनाथ मुली व विधवा यांस आश्रय देऊन त्यांनीं केडगांवास मुक्तिसदन उभें केलें. १९०५ मध्यें याच मुक्तिसदनांत प्रार्थनेचा असा पूर लोटला, कीं शेंकडों मुली रात्रंदिवस प्रार्थनेंत राहूं लागल्या. कोणी रडून पापें कबूल केलीं, कोणी अपरिचित भाषांत स्तुति केली. त्याची वार्ता परदेशांतहि पसरली.

येथें विचारी वाचकानें क्षणभर थांबावें. श्रद्धेच्या मापानेंच आरोग्य मिळत असतें, तर रमाबाईंचे कान सर्वांआधीं उघडावयास पाहिजे होते. ते उघडले नाहींत. त्यांची एकुलती एक कन्या मनोरमाबाई, जिच्यावर संस्थेची भिस्त होती, ती १९२१ मध्यें आईच्या देखत वारली. दुसऱ्याच वर्षीं, ५ एप्रिल १९२२ रोजीं, रमाबाईहि गेल्या. त्यांनीं मूळ भाषांवरून केलेलें पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर १९२४ मध्यें पुरें छापून निघालें. या बाईंची श्रद्धा कमी पडली, असें म्हणावयास कोणाची जीभ धजेल?

त्याच मुक्तिसदनांत अंध मुलींसाठीं एक घर होतें. त्याचें नांव बार्तिमी सदन. यरीहोच्या रस्त्यावर भीक मागत बसलेल्या व येशूच्या कृपेनें दृष्टि मिळालेल्या आंधळ्या बार्तिमयाचें हें नांव. त्या घरांतील मुलींचे डोळे बार्तिमयासारखे उघडले नाहींत. परंतु मनोरमाबाईंनीं त्यांस उठावाचीं ब्रेल अक्षरें शिकविलीं, आणि त्या बोटांनीं वाचूं लागल्या. बार्तिमय दृष्टि आल्यावर रस्त्याची कड सोडून येशूच्या मागें चालूं लागला, असें मार्क सांगतो. या मुलींनींहि रस्त्याची कड सोडिली. दुष्काळांत ज्यांच्या नशिबीं भीक होती, त्या वाचूं लागल्या व कामास लागल्या. चमत्काराची खूण ज्या गांवाकडे बोट दाखविते, तें गांव असें असतें. आमच्या मतें त्या घरास तेंच नांव देणें हें फार मोठ्या समजुतीचें काम होतें.

एवढें पाहिल्यावर आरंभीं सांगितलेल्या सर्पदंशाकडे परत येऊं. आपल्या राज्यांत माणसांचे बळी घेणारे मुख्य साप चार : नाग, मण्यार, घोणस व फुरसें. इतर बहुतेक साप बिनविषारी असतात. आणि विषारी सापहि प्रत्येक दंशांत विष सोडतोच असें नाहीं. यावरून मांत्रिकाच्या यशाचें रहस्य कळतें. त्याच्याकडे नेलेल्यांपैकीं कित्येक जण मंत्रावांचूनहि वांचणारेच असतात. ते वांचले, कीं मंत्राचें नांव होतें. जो दगावला, त्याच्या घरच्यांस सांगण्यांत येतें, कीं तुम्हीं उशीर केला, किंवा तुमची श्रद्धा कमी पडली. हा जमाखर्च विद्यार्थ्यांनीं नीट तपासावा. यश सगळें मांत्रिकाच्या खातीं आणि अपयश सगळें रोग्याच्या खातीं मांडिलेलें असतें. असा हिशेब कोणत्या शाळेंत बरोबर धरितील? आणि हाच जमाखर्च जर कोणी येशूच्या नांवानें मांडूं लागला, तर तो बरोबर होतो असें नव्हे.

विषावर खरा उतारा आहे. घोड्यास सापाचें विष अगदीं अल्प मात्रेनें, क्रमाक्रमानें वाढवीत टोंचतात. त्याच्या रक्तांत विषास मारणारें द्रव्य उत्पन्न होतें, व तें शुद्ध करून औषध बनवितात. मुंबईच्या हाफकिन संस्थेनें हें काम दीर्घकाळ केलें आहे. वरील चारहि सापांच्या विषावर हें एकच औषध चालतें. मण्यार बहुधा रात्रीं निजलेल्या माणसास डसते, आणि दंश फारसा दुखतहि नाहीं. पापण्या जड होऊं लागल्या व श्वास मंदावला म्हणजे मग कळतें. अशा रोग्यास औषधाबरोबर यंत्रानें श्वास देण्याचीहि गरज पडते, आणि ती मंत्रानें भागत नाहीं. जुन्नर तालुक्यांत नारायणगांवचे डॉ. सदानंद राऊत यांनीं सर्पदंशाचे कित्येक रोगी अशा उपचारांनीं वांचविले आहेत. म्हणून पालकांनीं एवढें ध्यानांत धरावें : रोग्यास धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलूं देऊं नये, काप घेऊं नये, विष चोखूं नये, दोरीनें करकचून बांधूं नये, आणि १०८ क्रमांकास कळवून किंवा मिळेल त्या वाहनानें त्यास तडक रुग्णालयांत न्यावें. २००० ते २०१९ या काळांत भारतांत सर्पदंशानें सुमारें बारा लाख माणसें दगावलीं असावींत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतील पुष्कळशीं खेड्यांतलीं, आपल्यासारखींच, शेतावर राबणारीं होतीं.

कायदाही हेंच सांगतो. महाराष्ट्रांत २०१३ मध्यें जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसास वैद्यकीय उपचारांपासून रोखून त्याऐवजीं मंत्रतंत्र, गंडेदोरे करणें हा त्या कायद्यानें गुन्हा आहे. त्यांत प्रार्थनेस बंदी नाहीं; उपचारास आडवें येण्यास बंदी आहे. आम्हांस तर हा भेद पवित्र शास्त्रास धरून वाटतो.

कोणी म्हणेल, मग प्रार्थनेस काम काय उरलें? पुष्कळ उरलें आहे. आमच्या डोंगरांत हिरडा होतो. उन्हाळ्यांत आदिवासी बांधव तो वेंचतात, आणि वैद्य त्याचें औषध करितात. हिरड्यांत गुण घालणारा देव आहे, तो ओळखणारी बुद्धि देणाराहि देवच आहे, असें आम्ही मानितों. म्हणून औषध घेणें हा देवावरील अविश्वास नव्हे. तें त्याच्या हातून घेणेंच आहे. प्रार्थना डॉक्टरची जागा घेत नाहीं. ती डॉक्टरच्या हातास स्थैर्य, नर्सच्या मनास दया, जागरण करणाऱ्या आईस धीर आणि रोग्यास शांति मागते. कधीं कधीं सर्वांचा अंदाज चुकवून रोगी उठून बसतो. तेव्हां आम्ही मोकळ्या मनानें देवाचे आभार मानितों. कधीं तो उठत नाहीं. तेव्हां त्याच्या उशापाशीं बसून राहणें हेंहि मंडळीचें रोगनिवारणच होय, कारण एकटेंपण हाहि एक रोग आहे. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेंत लोक मेणाचे हातपाय वाहतात. हरेगांवच्या मतमाउलीच्या यात्रेस दूरदूरचीं माणसें दुखणींखुपणीं मनांत घेऊन जातात. त्यांच्या भावाची थट्टा करण्याचें आमच्या मनांत येत नाहीं. मेणाचा पाय वाहून मोडलेला पाय प्लॅस्टरांत घातला, म्हणजे झालें.

खऱ्याखोट्याची पारख करण्यासहि मंडळी भीत नाहीं. फ्रान्सांतील लूर्द येथें १८५८ पासून यात्रेकरू जातात. तेथें बरें झाल्याचे सात हजारांहून अधिक दावे नोंदले गेले. डॉक्टरांनीं तपासून व नंतर धर्माधिकाऱ्यांनीं विचार करून त्यांतील सत्तरांच्या आसपासच चमत्कार म्हणून मान्य केले आहेत. जी मंडळी चमत्कारावर विश्वास ठेविते, तीच त्याची इतकी छाननी करिते, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें. आपल्यापुढें कोणी असा दावा घेऊन आला, तर चार प्रश्न विचारावे. हा पैसे मागतो काय? हा औषध बंद करावयास सांगतो काय? बरें न झाल्यास दोष रोग्याच्या माथीं मारितो काय? आणि गर्दी जमल्यावर याचें लक्ष रोग्याकडे असतें, कीं गर्दीकडे? ज्या ख्रिस्तानें पैसे मागितले नाहींत, साधनें नाकारिलीं नाहींत, रोग्यास दोष दिला नाहीं, व गर्दी टाळिली, त्याच्या नांवानें चाललेल्या कामाची परीक्षा त्याच्याच वागण्यानें करावी.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्या प्रश्नाचें उत्तर आतां थोडक्यांत देतां येईल. चमत्कार ही देवाच्या दयेची खूण आहे, आणि दवाखाना हा त्या खुणेनें दाखविलेल्या वाटेवरचा मुक्काम आहे. दोहोंचा धनी एक आहे. तुमच्यापैकीं कोणी डॉक्टर होईल, कोणी नर्स होईल, कोणी शेतकरी होऊन एखाद्या रात्रीं शेजाऱ्याचें दंश झालेलें मूल छातीशीं धरून घोड नदीच्या कांठानें रुग्णालयाकडे धांव घेईल. त्या वेळीं ओठांवर प्रार्थना असावी आणि पाय थांबूं नयेत. आणि पालकांस आमची हात जोडून विनंति आहे, कीं ज्या घरचें मूल सर्व उपाय व सर्व प्रार्थना करूनहि वांचलें नाहीं, त्या घरीं जाऊन श्रद्धेचा हिशेब मागूं नये. लाजाराच्या कबरेपाशीं येशूनें मार्था व मरिया यांस दोष दिला नाहीं. तो त्यांच्याबरोबर रडला.